तीन भाषा येतात, मग राहिलं काय?

मिरजेच्या घरात मराठी, भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाशी कानडी आणि कॉलेजात इंग्रजी, एवढ्या भांडवलावर मी दुभाष्यांच्या वर्गात नाव घातलं. वक्ता बोलत असतानाच काचेच्या बूथमध्ये बसून त्याचं म्हणणं दुसऱ्या भाषेत सांगत राहायचं, असं ते काम. तीन भाषा येतात, मग राहिलं काय?

बरंच राहिलं होतं. सुरुवातीला नुसतं शॅडोइंग, म्हणजे कानावर पडेल ते त्याच भाषेत, दोन-तीन शब्द मागे राहून म्हणायचं. ते करता करता कागदावर शंभरापासून उलटे आकडे लिहायचे. तोंड चालू राहिलं की हात थांबायचा. हात हलवावा तर कान बंद. भाषांतर अजून आलंच नव्हतं!

ते आलं, आणि मला मराठीच्या वाक्यरचनेचाच राग येऊ लागला. "हळदीवरचा कर कमी करावा ही व्यापाऱ्यांची मागणी समितीला मान्य..." इथवर ऐकून इंग्रजी वाक्य सुरू तरी कसं करावं? इंग्रजीला क्रियापद लवकर हवं, आणि आपला वक्ता 'आहे' की 'नाही' ते अगदी शेवटी सांगणार. थांबावं तर पुढचं वाक्य अंगावर येतं. वर्गातल्या मॅडम म्हणाल्या, "थांबू नकोस गं. समितीपुढे अशी मागणी होती, एवढं सांगून टाक. निकाल मागून जोड."

कानडीत मला असं कधी अडलं नव्हतं. कानडीचं क्रियापदही शेवटीच येतं, आणि आमच्या भागात तर या भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून एकमेकींच्या वळणावर गेल्यात. सांगलीजवळच्या कुपवाडमधल्या बोलींवर गंपर्झ आणि विल्सन यांचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथली मराठी, कानडी आणि उर्दू यांची रचना इतकी जुळलेली की बरंचसं बोलणं शब्दाला शब्द ठेवून एकीतून दुसरीत नेता येतं. म्हणजे लहानपणी शेजारच्या अज्जींचं बोलणं आईला सांगून मी मिळवलेली शाबासकी जरा स्वस्तातलीच होती.

एक भाषा बोलताना दुसरी झोपलेली असते, अशी माझी समजूत होती. स्पायवी आणि मारियान यांनी १९९९ मध्ये रशियन-इंग्रजी जाणणाऱ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. रशियनमध्ये टपालतिकीट उचलायला सांगितलं, तरी त्यांची नजर जवळच्या मार्कर पेनाकडे वळे, कारण तिकिटाला रशियनमध्ये 'मार्का' म्हणतात. दोन्ही भाषा जाग्याच! बूथमध्ये एकीला बोलू द्यायचं आणि दुसरीला तोंडावर येऊ द्यायचं नाही. जिनिव्हातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये असं भाषांतर करणाऱ्यांच्या मेंदूंची स्कॅन-पाहणी मांडली. त्यात भाषेच्या नेहमीच्या भागांसोबत मेंदूच्या खोल भागातले कॉडेट न्यूक्लियस आणि पुटामेन कामाला लागलेले दिसले. हे भाग हालचालींच्या नियंत्रणातही असतात. शॅडोइंगमध्ये हात का थांबायचा, याचा मला तिथे थोडा अंदाज आला.

पण खरी चक्रावले ती मिशेल पारादी आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये नोंदवलेल्या एका रुग्णाच्या हकिगतीने. डोक्याला मार लागलेली ही बाई फ्रेंच आणि अरबी जाणणारी. ज्या दिवशी तिला आपणहून अरबी बोलणं जमत नव्हतं, त्याच दिवशी फ्रेंचमधून अरबीत भाषांतर मात्र ती करू शकत होती. उलट, फ्रेंच नीट बोलता येत असूनही अरबीतून फ्रेंचमध्ये तिला आणता येत नव्हतं. यावरून पारादींनी असं मांडलं, की भाषांतराची यंत्रणा बोलण्या-समजण्याच्या यंत्रणेहून वेगळी असली पाहिजे. तसं असेल तर माझं तीन भाषांचं भांडवल वर्गात लगेच का संपलं ते समजतं.

तूर्त मला बूथमध्ये बोलणाऱ्या जोडीदाराच्या शेजारी बसून आकडे टिपून द्यायचं काम जमतं. सदुसष्टमध्ये मराठी सात आधी म्हणते, इंग्रजी साठ. लाख-कोटींचे मिलियन करायचे ते वेगळंच. बोलणाऱ्याने हिशेबात डोकं घातलं की वाक्य हातचं जातं. सुमारे अर्ध्या तासाने पाळी बदलते. दमल्यावर आपलं चुकतंय हे आपल्याला कळत नाही, म्हणून घड्याळ जोडीदारानेच बघायचं, असा इथला नियम आहे.