खुंटीवरची बंदूक

वडिलोपार्जित वस्तूंचे दोन वर्ग पाडता येतील. काही वस्तू आपण होऊन आपल्याकडे येतात, आणि काही वस्तूंसाठी आपल्याला कचेरीत जावे लागते. नाना वारल्यानंतर त्यांचे चांदीचे फुलपात्र, ज्ञानेश्वरीची पोथी आणि सागवानी पेटी ही मुकाट्याने माझ्या परभणीच्या बिऱ्हाडी येऊन दाखल झाली. त्यांची दुनळी बंदूक मात्र आली नाही. ती तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जाऊन बसली. कारण परवाना माणसाचा असतो, बंदुकीचा नव्हे, आणि माणूस गेला म्हणजे परवानाही त्याच्यामागोमाग जातो. वारसाला हत्यार हवे असेल तर त्याने स्वतःच्या नावे अर्ज करावा, ते चालविण्याचे शिक्षण घेतल्याचा दाखला जोडावा आणि इतर वारसांची संमती मिळवावी. नको असेल तर ते परवानाधारक दुकानदारास विकून मोकळे व्हावे.

मी तीस वर्षे महाविद्यालयात शेक्सपिअर शिकवीत आलो. शेवटच्या अंकात एकामागून एक माणसे कशी मरतात हे मी मोठ्या तन्मयतेने समजावून सांगतो. परंतु घरात उंदीर झाला तर पिंजरा शेजाऱ्याकडून लावून घेतो. अशा गृहस्थापुढे बंदूक ठेवावी की सोडावी, हा प्रश्न उभा राहावा, ही दैवाची थट्टाच म्हटली पाहिजे.

आमचे मूळ गाव गंगाखेड तालुक्यात, गोदाकाठी. तेथल्या माळवदी घराच्या मधल्या खणात एक शिसवी खुंटी आहे. आजोबांच्या वेळेपासून बंदूक त्या खुंटीवर असे. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती खाली उतरे. कुळव, पाभर, विळे, आजीचे जाते आणि माझे शाळेचे दप्तर यांच्या पंक्तीत तिलाही हळदकुंकू लागे. त्या दिवशी ती मला इतर अवजारांसारखेच एक निरुपद्रवी अवजार वाटे. बाकी वर्षभर मात्र तिच्याखालून जाताना मी नकळत मान लववीत असे.

ती ठेवावी असे मला प्रथम सुचविले ते आमची जमीन बटईने करणाऱ्या कुणब्याने. तो म्हणाला, “सर, बंदूक आपल्या नावावर करून घ्या. डुकरांनी अर्धा हरभरा उकरून टाकलाय. रोह्यांचा कळप आला की तूर उभी दिसत न्हाई. नाना होते तवर निदान बार तरी वाजत व्हता.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. थंडीच्या दिवसांत रात्र रात्र माळ्यावर जागल करायची, डबा वाजवायचा, सुतळी बॉम्ब फोडायचे, आणि पहाटे डोळा लागला की तेवढ्यात डुकरांनी आपला कार्यभाग उरकायचा, हा त्याचा नेम. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, हे त्याला ठाऊक आहे. परंतु हवेत उडविलेला बार म्हणजे शिकार नव्हे, असा त्याचा बिनतोड युक्तिवाद होता.

तेव्हा मी चौकशीला लागलो. नानांच्या पेटीत 1976 सालची एक पावती निघाली. पंचवीस काडतुसांना त्यांनी साठ रुपयांच्या आसपास मोजले होते. ती खिशात घालून मी शेजारच्या जिल्ह्यातील एका परवानाधारक दुकानात गेलो. दुकानदार वयस्क आणि बोलका होता. पावती पाहून तो हसला. आता एका काडतुसालाच शंभराच्या आसपास पडतात, असे त्याने सांगितले. मी मनात हिशोब केला. 2025-26 च्या हंगामासाठी सरकारने सोयाबीनला क्विंटलमागे 5,328 रुपये आधारभूत भाव जाहीर केला. म्हणजे डुकराला भिवविण्यासाठी एक बार काढावा, तर दोन किलो सोयाबीन नळीतून उडून गेले असे समजावे! आणि तो आधारभूत भाव बाजारात पदरी पडेलच, याची शाश्वती कोणी द्यावी?

“आणि बंदुकीचे काय येतील?” मी विचारले.

“फार नाही, सर. दुनळी आता कुणी घेत नाही. सगळ्यांना कमरेला लावायचं पाहिजे.”

कमरेला लावायचे म्हणजे पिस्तुल, नाहीतर रिव्हॉल्व्हर. कानपूरच्या कारखान्याचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर लाखाच्या घरात जाते. म्हणजे कोरडवाहू तीन एकरांचे सोयाबीन त्याच्यावर खर्ची पडायचे. शिवाय सप्टेंबर 2025 पासून पिस्तुल-रिव्हॉल्व्हरांवरचा कर शेकड्यास 28 वरून 40 झाला. साखरेची फसफसती पेये आणि धनिकांच्या शौकाच्या बोटी यांच्या पंगतीला सरकारने त्यांना बसविले आहे. ही पंगत मला मोठी मार्मिक वाटली. पीक राखणारी दुनळी अडगळीत पडावी, आणि कोणाचेच पीक न राखणारे हत्यार तीन एकर देऊन घ्यावे, यावरून मागणी कोणत्या गोष्टीला आहे हे उघड होते.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो. तो सांगतो, की आपल्याकडे चावडीवर कापसाच्या भावाची चर्चा चालावी तशी तिकडे गोळ्यांच्या भावाची चालते. निवडणूक जवळ आली, किंवा एखाद्या शाळेत गोळीबार होऊन कायदा कडक होण्याची बोलवा उठली, की लोक दुकानांवर तुटून पडतात, फळ्या रिकाम्या होतात आणि भाव चढतात. तेथे 1791 सालच्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला आहे, आणि तो व्यक्तिशः प्रत्येक नागरिकाचा आहे असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली दिला. हक्क इतका निर्वेध असूनही भाव मात्र भयाने ठरतो. धान्य भुकेच्या मानाने विकते. शस्त्र शेजाऱ्याविषयीच्या अविश्वासाच्या मानाने विकते.

आपल्याकडे हा हक्क नाही, याचे वैषम्य एके काळी मलाही वाटे. विद्यार्थिदशेत मी लिटनसाहेबाचा इतिहास वाचला, तेव्हा माझे रक्त उसळले होते. 1878 या एकाच सालात त्याने देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा आणि हिंदी माणसाला निःशस्त्र करणारा असे दोन कायदे केले. पहिला चार वर्षांत रद्द झाला. दुसरा मात्र साम्राज्याच्या अखेरीपर्यंत टिकला. लेखणी परत करावयास इंग्रजाची हरकत नव्हती. बंदूक परत करावयास होती! अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीसुद्धा 1918 साली या कायद्याची गणना इंग्रजी राज्याच्या अतिशय काळ्या कृत्यांत केली, आणि 1931 च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला त्यात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता.

मग स्वराज्य आल्यावर तो हक्क गेला कोठे? 1948 च्या डिसेंबरात घटनासमितीत हरि विष्णु कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. बाजारात जाऊन हवी ती मारक साधने विकत घेण्याची मुभा प्रत्येकाला असेल तर राज्यकारभार चालावयाचा कसा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेत शस्त्राचा उल्लेख आला तो वेगळ्याच रीतीने: नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क आहे, परंतु शांततेने आणि विनाशस्त्र. पुढे 1959 चा शस्त्र कायदा झाला; 2019 च्या दुरुस्तीने एका माणसास तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येऊ लागली, आणि परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच वर्षे झाली. परवाना ही आपल्याकडे हक्काची गोष्ट नसून कृपेची आहे. आणि जी गोष्ट कृपेची असते तिला प्रतिष्ठा चिकटते. डिसेंबर 2024 मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचाची हत्या झाली. ती बंदुकीने झाली नव्हती. परंतु तिच्या निमित्ताने कोणाकोणाच्या कमरेला पिस्तुले आहेत याची चर्चा सुरू झाली, परवान्यांची फेरतपासणी झाली आणि शंभराहून अधिक रद्द झाले. त्या कमरांवरच्या हत्यारांनी कोणती शेते राखली होती, हे मला अद्याप समजलेले नाही.

इतके सारे वाचून आणि विचार करूनही माझा निर्णय होईना. कारण बंदुकीच्या बाजूने एक साक्षीदार माझ्या मनात ठाण मांडून बसला होता, आणि तो म्हणजे माझे आजोबा.

आमचा परभणी जिल्हा त्या काळी निजामाच्या मुलखात होता. हिंदुस्थान 1947 साली स्वतंत्र झाला. आम्ही 17 सप्टेंबर 1948 रोजी झालो. मधल्या तेरा महिन्यांत रझाकारांनी मराठवाड्यात जो धुमाकूळ घातला त्याच्या कथा ऐकत माझी पिढी वाढली. आमच्या गावावर टोळी चालून आली, तेव्हा आजोबा दुनळी घेऊन माळवदावर उभे राहिले आणि त्यांनी एक बार आकाशात काढला. टोळी वेशीवरून परत फिरली. दर खंडेनवमीला, हळदकुंकू वाहून झाले, की ही गोष्ट आमच्या घरी सांगितली जाई. आणि ती ऐकताना लहानपणी माझ्या अंगावर काटा उभा राही. ही गोष्ट खरी आहे. नाना त्या वेळी आठ वर्षांचे होते आणि जिन्यात बसून त्यांनी ती पाहिली होती.

परंतु ती अर्धी आहे, हे मला फार उशिरा कळले. गेल्या वर्षी नानांनी अंथरूण धरले होते. एके दुपारी परवान्याच्या नूतनीकरणाची गोष्ट निघाली, तेव्हा ते आढ्याकडे पाहत म्हणाले, “पुढचं तुला कधी सांगितलं नाही.”

पुढचे असे होते. पोलीस कारवाई संपली, रझाकार पांगले, आणि मग सूडाचे वारे सुटले. आमच्या भिंतीला लागून एका पिंजाऱ्याचे घर होते. रझाकारांशी त्याचा काडीमात्र संबंध नव्हता. आमच्या घरच्या साऱ्या गाद्या त्याच्या हातच्या होत्या. एके दिवशी तिन्हीसांजा तो आमच्या ओसरीशी येऊन उभा राहिला. आजोबा त्याला म्हणाले, “घरात राहा. काही होणार नाही.” त्या रात्री बाहेरगावची माणसे आली. गावातलीही काही त्यांना सामील झाली. आरडाओरडा झाला, उजेड झाला. आजोबा मधल्या खणात खुंटीखाली बसून होते. पहाटे शेजारचे छप्पर खाली आले होते आणि घरात कोणी नव्हते. ती माणसे पुन्हा गावात कधीच दिसली नाहीत.

नाना थोडे थांबले आणि म्हणाले, “बंदूक भरलेली होती.”

त्या दिवसांची चौकशी करण्यासाठी दिल्लीहून पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती. तिचा अहवाल कित्येक दशके दप्तरातच राहिला. त्यात या कत्तलींची भीषण हकीकत आहे. त्याचप्रमाणे जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे. त्यांतील कितीजणांजवळ बंदुका होत्या? मला वाटते, बहुतेकांजवळ नसाव्यात. ते ओसरीवरून उठले, एवढेच.

माझ्या आजोबांना मी भित्रे म्हणणार नाही. माळवदावर उभा राहणारा माणूस भित्रा नव्हता. पण त्या संध्याकाळी बंदुकीने त्यांना जे धैर्य दिले ते आपल्या दाराच्या आतले होते. दाराबाहेरचे धैर्य तिच्या नळीत नव्हते. शस्त्र हक्काने मिळो, कृपेने मिळो, साठ रुपयांना मिळो की लाखाला, आपण कोणाचे शेजारी आहोत हे ते आपणांस सांगत नाही. आंबेडकरांच्या भाषणाचा अर्थ मला नानांच्या खाटेशेजारी बसून खऱ्या अर्थाने लागला. प्रत्येक घरात भरलेली बंदूक असूनही पिंजाऱ्याचे घर जळते, म्हणून तर राज्य हवे; आणि ज्याने आपली बंदूक राज्याच्या स्वाधीन केली त्याला ते घर राखले जाते की नाही, हे विचारण्याचा अधिकार उरला पाहिजे. मी बंदूक सोडतो ती दान म्हणून नव्हे, ठेव म्हणून. आणि ठेवीदाराने अधूनमधून पासबुक तपासावे, हे रास्तच आहे.

मी वारसाचा अर्ज केला नाही. रीतसर परवानगी काढून बंदूक त्याच दुकानदाराला विकली. आले ते पैसे, आणि थोडी पदरची भर, यांतून शेताभोवती तार ओढून सौरशक्तीवर चालणारे झटका मशीन बसविले. बटईदार कुंपणाभोवती फेरी मारून आला. त्याला ते पसंत पडले असावे, कारण त्याने तंबाखू मळायला घेतली. मग म्हणाला, “डुकराचं भागलं, सर. माणसाचं काय?”

मी त्याला उत्तर दिले नाही. यंदाच्या खंडेनवमीला आम्ही गावी गेलो, कुळवाला आणि विळ्याला हळदकुंकू वाहिले. खुंटी रिकामी होती. तिच्याखालून जाताना जुन्या सवयीने माझी मान लवली. शेजारची पडीक जागा ओसरीवरून दिसते. तिच्यावर बाभळी माजल्या आहेत. तिकडे पाहत मी बराच वेळ बसलो होतो. उद्या तिन्हीसांजेला कोणी येऊन उभा राहिला, तर मला रिकाम्या हातांनी उठावे लागेल. ते मला जमेल ना, एवढीच काय ती धास्ती आहे.