आधी पाय, मंग हात

हॅनोव्हरला मार्च लागला की जुन्या कॅम्पर गाड्यांवरच्या ताडपत्र्या निघतात आणि मालकांना तपासणीचे वेध लागतात. दर दोन वर्षांनी ती चुकत नाही. माझी फोक्सवॅगन १९७८ची, म्हणजे खास इथलीच. शहरातल्या श्टोकन भागात या गाड्या १९५६पासून बनतायत. आत शेगडी, पाण्याची टाकी, झोपायची फळी, असं सगळं बिऱ्हाड. ते थांबवायला पुढे डिस्क, मागे ड्रम.

तपासणीत चाकं रोलरवर चढवतात. एका ॲक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांच्या पकडीत २५ टक्क्यांहून जास्त फरक निघाला की गाडी नापास. ते बरोबरच आहे. एक चाक जास्त धरलं तर ओल्या रस्त्यावर गाडी तिकडेच ओढते.

मागच्या ड्रममध्ये शूवरचा लायनर झिजला की शू ड्रमपासून लांब राहतो आणि पेडल खोल जायला लागतं. नव्या गाड्यांत हे अंतर आपोआप भरून निघतं, माझ्या गाडीत हाताने भरावं लागतं. चाक जॅकवर घ्यायचं, हँडब्रेक सोडायचा, मागच्या पत्र्यातलं रबरी बूच काढायचं. आत प्रत्येक शूला एक दातेरी चकती असते. स्क्रू ड्रायव्हरने ती दात-दात सरकवायची, चाक जाम होईपर्यंत. मग पेडल दाबून शू ड्रममध्ये नीट बसू द्यायचे आणि चकती तीन-चार दात मागे घ्यायची. हाताने फिरवल्यावर चाक किंचित घासल्याचा आवाज यावा, पण अडकू नये.

हा आवाज ओळखायला मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत शिकलो. वडिलांचे टॉवेलचे माग होते. मागालाही ब्रेक असतो: आडवा धागा तुटला की माग जागच्या जागी थांबला पाहिजे. ब्रेक ढिला असेल तर तो तसाच पुढे पळतो आणि कापडात दोष राहतो. शेजारच्या शेडमधले मेस्त्री टेम्पोचे ड्रम लेथवर टर्निंग करायचे. (‘प्रिसिजन कॅमशाफ्ट्स’चा कारखानाही याच वसाहतीत; तिथले कॅमशाफ्ट परदेशी इंजिनांत बसतात, त्याचं गावाला कौतुक. ब्रेकवाल्याला कोण विचारतो!) मेस्त्रींचा एकच हेका असे: “आधी पाय, मंग हात.” म्हणजे पायाच्या ब्रेकचं अंतर लावल्याशिवाय हँडब्रेकच्या तारेला हात लावायचा नाही. हॅनोव्हरच्या एका गॅरेजवाल्याने मला नुसती तार ओढून गाडी दिली होती. लिव्हर छान कडक, पेडल मात्र तसंच खोल. मेस्त्रींनी त्याला शेडच्या बाहेर काढला असता.

त्यांची एक सवय मात्र मी उचलली नाही. ड्रम उघडला की ते कॉम्प्रेसरचा पाइप लावायचे आणि काळी धूळ शेडभर उडायची. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. जर्मनीने त्यावर १९९३ साली बंदी घातली. शेडमध्ये तेव्हा आमच्यातल्या कुणी नाकाला रुमालही बांधला नव्हता. मी मास्क लावून ओल्या फडक्याने पुसतो आणि फडकं पिशवीत बांधून टाकतो.

यंदा डाव्या व्हील सिलिंडरच्या रबराखाली ओल दिसली. लायनरवर ब्रेक ऑइल उतरलं की दात कितीही फिरवा, ते चाक धरत नाही. सिलिंडर आणि लायनर दोन्ही बाजूंचे जोडीनेच बदलायला हवेत. सामान मागवलंय, ते येईपर्यंत गाडी दारातच.