तात्यांचं देणं

माझ्यावर शाळेचं ऋण आहे, पुस्तकांचं आहे, आणि तितकंच मोठं ऋण हरिपूरच्या एका पिढीजात भोयाचं आहे. आम्ही सगळे त्यांना तात्याच म्हणायचो. सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात, त्या संगमाच्या आसपास त्यांचं आयुष्य गेलं. गळ कसा बांधायचा हे मला कुणीही शिकवलं असतं. पाण्याकडे कसं बघायचं, हे मात्र त्यांनीच शिकवलं.

तात्यांचा जीव शिवड्यावर. अंगावर खवलं नाहीत, जबडा रुंद, मिशा लांब, आणि भूक अशी की दिसेल ती लहान मासळी गिळायची. आम्ही पोरं त्याला डोहात आणि कपारीत शोधायचो. तात्या शिवड्याला शोधतच नसत. “शिवडा कशाला हुडकतुयास? त्येचं जेवान कुठं हाय ते हुडक,” एवढंच सांगायचे.

हे जेवण म्हणजे थव्यानं फिरणारी बारकी चंदेरी मासळी. तिचा ठावठिकाणा नदीच्या पाण्याबरोबर रोज बदलतो. कोयना धरणाचं वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवलं जातं. जे पूर्वेला सोडतात, त्यावर उन्हाळ्यात सांगलीची कृष्णा बरीचशी वाहते. म्हणून तात्यांचा सकाळचा पहिला प्रश्न असायचा, “कोयनेचं पानी सुटलंय का?” पाणी चढलं की बारकी मासळी धारेतून निघून काठाच्या आडोशाला आणि ओढ्यांच्या तोंडाशी येते. पाणकावळे एकाच जागी पुन्हापुन्हा बुड्या मारू लागले, की थवा तिथे आहे. आणि पाण्यावर मूठभर तांदूळ उधळावेत तशी मासळी एकदम वर उडाली, की खाली शिवडा आला आहे. अशा वेळी जितं आमिष थव्याच्या मधोमध टाकायचं नाही. कडेला, थोडं खाली सोडायचं, कारण शिकारी मासा थव्यातून मागे पडलेल्यालाच आधी उचलतो.

पुढे नोकरीनं मला साताऱ्याकडे, वाईला नेलं. तिथे धोम धरणाचा फुगवटा पाहिला. नदीच्या ओळखीच्या खुणा तिथे पाण्याखाली गेलेल्या. नदीचा तलाव झाला की सूक्ष्म जीव मोकळ्या पाण्यात वाढतात, त्यांच्यामागे लहान मासळी काठ सोडून आत जाते, आणि मोठा मासाही तिच्यामागे जातो. त्या अफाट पाण्यासमोर मला तात्यांचंच सूत्र उपयोगी पडलं. पुढे अमेरिकेतल्या मस्की या बलाढ्य शिकारी माशाविषयी वाचलं. ज्या तलावांत शॅड नावाचा चंदेरी मासा हेच त्याचं मुख्य खाद्य असतं, तिथे मस्की काठचं पाणगवत सोडून खोल, मोकळ्या पाण्यात शॅडच्या थव्यांजवळ वावरतो. तिथले गळवाले ध्वनियंत्रावर आधी थवा शोधतात आणि मगच गळ सोडतात. हरिपूरच्या घाटावर जे ऐकलं होतं तेच पृथ्वीच्या दुसऱ्या टोकालाही खरं आहे, हे वाचून मला तात्यांचा फार अभिमान वाटला.

त्यांची दुसरी शिकवण याहून मोठी. पावसाळ्याच्या तोंडाशी मरळीची जोडी काठच्या गवतात पिल्लं राखते. तांबूस पिल्लांचा घोळका श्वास घ्यायला वर येतो तेव्हा पाणी उकळल्यासारखं दिसतं. खाली आईबाप पहारा देत असतात आणि जवळ येईल त्यावर झेपावतात. मरळ धरायला याहून सोपी वेळ नाही. तात्या मात्र तेव्हा दोरी गुंडाळायचे. “ही शिकार न्हवं, पोरा. घरातला कर्ता मानूस उचलनं हाय.” राखणदार गेला की पिल्लांचा फडशा पडतो. त्याच विचारानं त्यांनी बारीक आसाचं जाळं कधी घरात येऊ दिलं नाही. चार पैसे कमी मिळायचे, तरीही नाही.

आज कृष्णेत चिलापी मातली आहे. १९५२ साली बाहेरून भारतात आणलेला हा मासा इथल्या मासळीचं खाद्य आणि जागा बळकावतो. उन्हाळ्यात पाणी आटतं, त्यात सांडपाणी मिसळतं, आणि सगळ्यात आधी मरते ती बारकी मासळी. मोठा मासा मिळत नाही अशी तक्रार सगळे करतात. त्याच्या जेवणाचं काय झालं, हे फार थोडे विचारतात.

तात्या आता नाहीत. त्यांनी माझ्याकडून कधी काही घेतलं नाही, म्हणून हे देणं मला नदीकडेच फेडायचं आहे. माझ्याबरोबर येणाऱ्या पोरांना मी आधी थवा ओळखायला शिकवतो आणि पिल्लांजवळची मरळ सोडायला सांगतो. जाळ्याचा आस मोठा ठेवा, नदीत घाण सोडू नका, हे गावात सांगत राहतो. बारकी मासळी जगली तरच शिवडा जगेल. तात्यांकडून मिळालेलं हे ज्ञान माझ्यापाशी संपू द्यायचं नाही, एवढंच मी त्यांचं देणं लागतो.