इंजिन नवं, गाडी तीच!

"विकून टाक गं, ईएमआयवर नवी घे!" सगळ्या मित्रमंडळींचं एकमत. आमची १९९८ची मारुती ८०० निळा धूर ओकत होती. मेकॅनिककाका म्हणाले, "इंजिन संपलं." पण याच गाडीवर बाबांनी मला क्लच सोडायला शिकवलं होतं. विकणार कशी?

८००चं उत्पादन २०१४मध्येच थांबलं. त्यामुळे काकांनी डोनर शोधली, मागून ठोकलेली, अगदी तशीच ८००. 'तशीच' महत्त्वाचं! कार्ब्युरेटरच्या गाडीत एमपीएफआय इंजिन टाकायचं, तर वायरिंगपासून इंधनपंपापर्यंत सगळंच बदला. आधी तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासलं, मगच पैसे मोजले. इंजिन बाहेर होतं तेव्हाच टायमिंग बेल्ट, ऑइल सील आणि क्लच प्लेट नवी टाकली. पुन्हा खोलाखोल नको.

डोनरच्या डॅशबोर्डवर छोटासा गणपती अजून चिकटलेला होता. पोटात कालवलं. तीही कुणाच्या तरी बाबांचीच असणार ना?

मग खरेदीची पावती, डोनरची कागदपत्रं आणि आरटीओची रांग. आरसीवर इंजिन नंबर बदलला, विमा कंपनीलाही कळवलं. चॅसी नंबर मात्र जुनाच. म्हणजे सरकारदरबारीही गाडी आमचीच राहिली!

बाबांना चक्कर मारायला नेलं. सिग्नलपर्यंत ते गप्प. मग म्हणाले, "आवाज वेगळाय."

माझा चेहरा पडला.

"क्लच मात्र अजून तसाच सोडतेस. झटका बसतो!"