एक जूनची माणसं

बारा हजार चारशे रुपये. गेट देऊन एमटेकला प्रवेश मिळाला की केंद्र सरकारकडून दर महिन्याला मिळणारा स्टायपेंड. मी नोकरी सोडली तेव्हा माझ्या पगारातून कापला जाणारा इन्कम टॅक्स जवळपास तेवढाच होता. हे मी घरी बोलले नव्हते. बाबांनी माझा फॉर्म सोळा बघून स्वतःच हिशोब केला आणि चष्मा काढून एवढंच म्हणाले, "म्हणजे आता तू सरकारकडून परत घेणार तर."

बाबा एका सहकारी बँकेत कॅशियर होते. त्यांना आकड्यांचा धक्का बसत नाही. आईला बसतो. तिच्यासाठी गणित वेगळं होतं: वय अठ्ठावीस, अंधेरीत चांगली नोकरी, आणि मुलगी पुन्हा कॉलेजला निघालीय. स्थळ सांगणाऱ्या मावशींना "मुलगी काय करते?" याचं उत्तर आता काय द्यायचं? "सांग, एआय शिकते," मी म्हटलं. मावशींना ते फारच आवडलं, ही गोष्ट निराळी.

पाच वर्षं मी कर्ज देणाऱ्या एका ॲपच्या कंपनीत बॅकएंडचं काम करत होते. सकाळी मुलुंडहून स्लो लोकल, घाटकोपरला उतरून पुलावरच्या गर्दीतून मेट्रो, मग चकाला. मशीन लर्निंगची टीम वेगळी होती, मी त्यांना डेटा पोचवायचे. ते काय करतात ते मला दिसायचं, का करतात ते कळायचं नाही. तेवढ्यासाठी कुणी नोकरी सोडत नाही. मीही सोडली नसती. पण मध्ये १ जून आला.

फ्रॉड पकडणाऱ्या सिस्टिममध्ये एक नियम होता. एकाच पिनकोडमधून, एकाच जन्मतारखेचे बरेच अर्ज आले की ते बाजूला काढायचे. कारण उघड आहे. खोटी ओळखपत्रं बनवणारे लोक आळशी असतात, तारीख कॉपी-पेस्ट करतात. डॅशबोर्डवर एक दिवस मी बाजूला काढलेल्या अर्जांचा आलेख बघत होते. वर्षभराच्या तारखा सपाट, आणि मध्येच एक सुळका. १ जून.

शेजारी बसणारा मुलगा दिल्लीचा. तो म्हणाला, "किती मोठी गँग आहे बघ." मला हसू आलं. कारण त्या गँगमध्ये माझे आजोबा होते, त्यांचे दोन्ही भाऊ होते, आणि साताऱ्याकडच्या आमच्या गावातली निम्मी म्हातारी माणसं होती. वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हे सांगायची गरज नाही. मुलाला शाळेत घातलं, जन्माची नोंद नाही, बापाला तारीख सांगता येत नाही. मग गुरुजी मुलाकडे बघून वर्षाचा अंदाज करायचे आणि पुढे १ जून लिहून टाकायचे. शाळा जूनमध्ये सुरू होते, वय मोजायला सोपं. आमचे आजोबा खरे जन्मले ते गणपती होऊन गेल्यावर, भात पोटरीला आलं होतं तेव्हा. पण शाळेच्या दाखल्यावर १ जून, मग पेन्शनच्या कागदांवर १ जून, आधारवर १ जून. आता दरवर्षी त्या दिवशी व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर एकाच केकचा फोटो तिघा भावांना पाठवला जातो.

मी ते टीमला समजावून सांगितलं. लोकांना गंमत वाटली, दोन-तीन जणांनी आपापल्या आजोबांना फोनसुद्धा केले. नियम मात्र बदलला नाही. फ्रॉड अडवला तर कंपनीचे पैसे वाचतात, ते मोजता येतं. साठीतल्या एखाद्या दुकानदाराचं कर्ज उगाच अडकलं तर तो दुसरीकडे जातो, ते कुठेच मोजलं जात नाही. "तुझं बरोबर आहे, पण इम्पॅक्ट किती आहे ते दाखव," असं मला सांगण्यात आलं. आणि तिथे माझी अडचण झाली. माणसं मला माहीत होती, पण आलेखातल्या त्या सुळक्यात खरी किती आणि खोटी किती, हे आकड्यात कसं मांडायचं ते मला येत नव्हतं. त्यासाठी लागणारं गणित मशीन लर्निंगच्या टीमकडे होतं आणि १ जून माझ्याकडे.

२०२४ साली गेटमध्ये डेटा सायन्स आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्स असा नवा पेपर सुरू झाला. प्रॉबॅबिलिटी, लिनिअर अल्जिब्रा, कॅल्क्युलस, सोबत प्रोग्रॅमिंग, डेटाबेस आणि मशीन लर्निंग. पासष्ट प्रश्न, शंभर मार्क, तीन तास. मी पहिल्याच बॅचला तो दिला. मुंबईतल्याच एका सरकारी संस्थेत फुलटाइम एमटेक मिळालं. माझ्या दोन मित्रांनी शनिवार-रविवारचे ऑनलाइन डिप्लोमा घेतले आणि त्यांचं काही वाईट चाललेलं नाही. पगार चालू आहे, ईएमआय जातोय. पण मला आठवडाभर त्याच्याशी भांडायला वेळ हवा होता. रविवारी रात्री असाइनमेंट टाकून सोमवारी स्टँडअपला उभं राहणं मला जमलं नसतं.

ऑफिस सोडताना एका सीनियरने सावध केलं होतं. "दोन वर्षांत हे फील्ड कुठे जाईल माहितीय का? तू बाहेर पडशील तेव्हा तुझा सिलॅबस जुना झालेला असेल." पहिल्या सेमिस्टरला कळलं की सिलॅबस आधीच जुना आहे, भरपूर जुना. बेझचा निबंध १७६३ मध्ये छापला गेला. ग्रेडियंट डिसेंटची कल्पना कोशीने १८४७ मध्ये मांडली. प्रिन्सिपल कंपोनंट्स १९०१ चे. बॅकप्रोपगेशन ज्या पेपरमुळे सगळीकडे पोचलं तो १९८६ चा. आज ज्याच्यावर सगळी चॅटबॉट्स उभी आहेत तो ट्रान्सफॉर्मर २०१७ चा, आणि त्या पेपरच्या आठ लेखकांपैकी एक, निकी परमार, पुण्याच्या पीआयसीटीत शिकलेली. त्यामुळे जुनं होण्याची भीती मी सोडून दिली. उरलेल्या भीत्या पुरेशा होत्या.

वर्गातली बहुतेक मुलं बावीस-तेवीसची. मराठी मुलं मला ताई म्हणतात, बाकीची दीदी. सर्व्हर बंद पडला की ताई, गिट बिघडलं की ताई. आणि फळ्यावर सिद्धता सुरू झाली की ताई मागच्या बाकावरून शेजारच्या मुलाच्या वहीत बघतेय. मुंबई युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंग केलेल्यांना एम-थ्री, एम-फोर हे शब्द नुसते ऐकूनही पोटात काहीतरी होतं. आयगेनव्हॅल्यू आम्ही तिथेच शिकलो, म्हणजे काढायला शिकलो. तीन बाय तीनचं मॅट्रिक्स, डिटर्मिनंट शून्याला मांडा, लॅम्डा काढा, सहा मार्क. ते काय असतं हे कुणी विचारलं नाही, कारण पेपरात तसा प्रश्न यायचा नाही.

ते मला कळलं घाटकोपरच्या पुलावर, आणि हे मी खरंच तिथे उभं राहून वहीत लिहिलं. समजा, मेट्रोच्या दारातून दर तासाला किती माणसं आत जातात ते तुम्ही वर्षभर मोजलं. प्रत्येक दिवसाची एक वक्ररेषा तयार होईल. तीनशे पासष्ट दिवस, तीनशे पासष्ट रेषा, प्रत्येक थोडी वेगळी. पण हे वेगळेपण मनाला येईल तसं नसतं. आधी सगळ्यांची सरासरी काढून ठेवा. मग उरलेल्या फरकातला मोठा भाग बहुधा एकाच आकाराने समजेल: कामाचा दिवस की सुट्टीचा. पुढचा थोडा भाग दुसऱ्या आकाराने: पाऊस पडून लोकल उशिरा आल्या तर सगळी गर्दी पुढे सरकते. मग गणपती, मग मॅच. म्हणजे कुठलाही दिवस लिहायचा तर सरासरी, अधिक पहिला आकार इतका, अधिक दुसरा इतका. हे आकार म्हणजे आयगेनव्हेक्टर. प्रत्येक आकार किती फरक पोटात घेतो ते सांगणारा आकडा म्हणजे आयगेनव्हॅल्यू. सहा मार्कांचा लॅम्डा तो हाच.

सरांनी वर्गात सांगितलं की अशा सलग रेषांसाठीच्या सिद्धांताला कारहुनेन आणि लोएव्ह यांची नावं आहेत. मग जाता जाता म्हणाले, "काही लोक आधी कोसंबींचं नाव लावतात." मी मान वर केली. कुठले कोसंबी? आमच्या घरी कपाटात कोसंबी आहेत, पण ते इतिहासाच्या खणात.

तेच निघाले. गोव्यात जन्मलेले, हार्वर्डमध्ये शिकलेले, धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव दामोदर धर्मानंद. पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवत असताना त्यांनी १९४३ मध्ये 'स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस' नावाचा पेपर इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये छापला. वरची घाटकोपरची कल्पना त्यात आहे, कारहुनेन आणि लोएव्ह यांनी ती स्वतंत्रपणे मांडण्याच्या थोडं आधीची. पुढे भाभांनी त्यांना मुंबईला टीआयएफआरमध्ये बोलावलं. ते राहायचे पुण्यात आणि डेक्कन क्वीनने ये-जा करायचे. म्हणजे आमच्यातलेच, पासवाले.

मला त्यांच्या पेपरपेक्षाही त्यांची नाणी जास्त आवडली. तक्षशिलेला सापडलेली आणि इतर ठिकाणची जुनी आहत नाणी त्यांनी हजारोंनी तोलली. कल्पना अशी की नाणं हातोहात फिरताना झिजतं, म्हणून सरासरी वजन किती घटलंय त्यावरून ती नाणी किती काळ चलनात होती याचा अंदाज येतो. हे खरंच तसं होतं का, ते पाहायला त्यांनी आपल्या काळातली चलनातली नाणीही तोलून बघितली. विचार करा: फंक्शन स्पेसवर लिहिणारा माणूस तराजू घेऊन बसलाय आणि एकेक नाणं उचलून ठेवतोय. वजनातला फरक म्हणजे त्याच्यासाठी चूक नव्हती. त्या फरकात किती हात लागले ते लिहिलेलं होतं.

मी बाबांना ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "आम्ही झिजलेली नाणी बाजूला काढून वर पाठवायचो. त्यांच्यावरून काही कळतं, असं वाटलं नाही कधी."

माझा प्रोजेक्ट आता १ जूनवर आहे. खरा डेटा मिळणं शक्य नव्हतं आणि मिळायलाही नको, लोकांच्या जन्मतारखा आहेत त्या. गाइडसरांनी सुचवलं की बनावट डेटा तयार कर: वयस्कर माणसांत १ जूनचा सुळका असू दे, तरुणांत नको, त्यात थोडे खरे भामटे मिसळ आणि विसंगती शोधणारी मॉडेल्स काय करतात ते बघ. इथे पाच वर्षं कामाला आली. वर्गातली मुलं बनावट डेटा करतात तो फार स्वच्छ असतो. मला माहीत होतं की लोक पिनकोडच्या जागी फोन नंबर लिहितात, नाव आणि आडनाव उलटं टाकतात, आणि दिवस-महिन्याची अदलाबदल झाली की १ जूनचा ६ जानेवारी होतो. ते सगळं मी घातलं.

पहिला उपाय सगळ्यांनाच सुचतो, मलाही सुचला: जन्मतारखेचा कॉलमच काढून टाका. ते पुरत नाही. वय राहतं, पिनकोड राहतो, आणि या दोघांतून मॉडेल ज्याला जन्मतारीख माहीत नाही असा माणूस ओळखतं. त्याला १ जून दिसत नाही, पण ज्यांच्यावर १ जून लिहिला गेला ती माणसं दिसतात. नियम होता तेव्हा निदान तो वाचता येत होता. मी डॅशबोर्डवर बोट ठेवून सांगू शकले की हा बघा सुळका. मॉडेलमध्ये बोट कुठे ठेवायचं? वेगवेगळ्या गटांत निरपराध माणसं किती वेळा अडकतात ते मोजायचं, असं एक उत्तर आहे आणि ते मी मोजतेय. पण त्यासाठी आधी कुणीतरी म्हणावं लागतं की हा एक गट आहे. हे म्हणणारा माणूस त्या खोलीत असावा लागतो.

मागच्या महिन्यात जुन्या मॅनेजरचा मेसेज आला. एमटेक कधी संपतंय, परत येणार का, आता एआयची टीम मोठी झालीय, पगाराचं बोलू. मी विचारलं, "तो जन्मतारखेचा रूल अजून आहे का?"

"नाही गं, काढून टाकला कधीच. आता सगळं मॉडेल बघतं."

"आणि मॉडेल १ जूनचं काय करतं?"

बराच वेळ टायपिंग, टायपिंग दिसत राहिलं. मग उत्तर आलं, "ये की मग बघायला."

अजून उत्तर दिलेलं नाही. आईला सांगितलेलंही नाही, कारण ती आकडा विचारेल. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, बँकेत एक साधी पद्धत होती, ज्याने रोकड मोजली त्याने ती तपासायची नाही, दुसऱ्याने तपासायची. "तू तिथे मोजायला जाणार आहेस की तपासायला, तेवढं आधी विचारून घे."