प्रवाह आणि प्रत

गेली काही वर्षे एक प्रश्न मला नियमाने विचारला जातो. विचारणारे बहुतेक मराठीचे विद्यार्थी असतात, क्वचित सहकारी प्राध्यापक असतात; प्रश्न मात्र वरवर पाहता साहित्याचा नसतो. आंतरजालावरचे एखादे चलचित्र, मग ते व्याख्यान असो, नाट्यवाचन असो वा जुना चित्रपट, आपल्या संगणकावर घेऊन जोडणी नसताना पाहायचे असेल तर कोणते सॉफ्टवेअर वापरावे? मी एखादे नाव सांगावे आणि मोकळे व्हावे, एवढीच अपेक्षा असते. नाव मी सांगते. पण त्याआधी एक प्रतिप्रश्न करते. तुम्हांला ते नुसते पाहायचे आहे, की त्याची प्रत हवी आहे? विद्यार्थी बुचकळ्यात पडतात. त्या प्रतिप्रश्नाचा खुलासा वर्गात दोन मिनिटांत होत नाही, म्हणून तो येथे करते आहे.

आधी गरजेविषयी. तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात माध्यमांतराची अभ्यासपत्रिका शिकवताना साने गुरुजींची 'श्यामची आई' आणि अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय गत्यंतर नसते. पुस्तक हाती असते. चित्रपट आंतरजालावर असतो. ऐन तासाला जोडणी रेंगाळते, पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहते आणि साठ डोळे त्या चक्राकडे पाहत बसतात. थांबवून, मागे नेऊन, एखादे दृश्य पुन्हा पाहणे हा अशा अभ्यासाचा प्राण आहे. पुस्तकाचे पान उलटताना जशी कोणाची परवानगी लागत नाही, तशी ती दृश्य पुन्हा पाहतानाही लागू नये, एवढीच शिक्षकाची मागणी असते.

आता 'स्ट्रीमिंग' म्हणजे काय ते पाहू. प्रवाह या शब्दाने आपली थोडी दिशाभूल होते. नळाच्या पाण्यासारखे काहीतरी सलग वाहत येत असावे, असे वाटते. प्रत्यक्षात चलचित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून ठेवलेले असते, आणि त्या तुकड्यांची एक यादी असते. आपला संगणक ती यादी वाचतो, एकेक तुकडा मागवतो, दाखवतो आणि विसरून जातो. जोडणी मंद झाली की तोच तुकडा कमी प्रतीचा मागवतो. चित्र मध्येच धूसर होते ते यामुळे. म्हणजे पाहताना आपण ते चलचित्र उतरवूनच घेत असतो. फरक इतकाच, की घेतलेले जपून ठेवत नाही. साठवण्याचे सॉफ्टवेअर निवडणे म्हणजे हे विसरणे कोठे आणि कसे थांबवायचे, ते ठरवणे.

ते थांबवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेची साधने ती यादी स्वतः वाचतात, सारे तुकडे मागवून सांधतात आणि फाइल तयार करतात. २००६ पासून चालत आलेले 'यूट्यूब-डीएल' आणि त्यापासून २०२१ मध्ये फुटलेली शाखा 'वायटी-डीएलपी' ही या घराण्यातील ठळक नावे. दोन्ही चकटफू आणि मुक्तस्रोत आहेत. दोन्ही काळ्या खिडकीत आज्ञा टंकून चालवावी लागतात, म्हणून आपल्यासारख्यांना प्रथम धडकी भरते. दुसऱ्या तऱ्हेची साधने पडद्यावर जे दिसते आणि कर्ण्यातून जे ऐकू येते त्याचीच नोंद करतात. 'ओबीएस स्टुडिओ' हे यातले चांगले मुक्तस्रोत साधन. भ्रमणध्वनीवरील पडद्याची नोंद करणारी सोयही याच जातीची.

हस्तलिखितांचा थोडासा परिचय असणाऱ्याला हा भेद लगेच उमगेल. पहिली तऱ्हा मूळ पोथीच उचलून आणते. तेथे साठवलेली अक्षरे जशी होती तशी येतात. तासाभराचे व्याख्यान काही मिनिटांत हाती पडते. दुसरी तऱ्हा लेखनिकाची आहे. लेखनिक समोरच्या पोथीवरून उतरवतो, आणि त्याच्या बैठकीत जे जे घडते त्याचा ठसा प्रतीवर उमटतो. तासाच्या व्याख्यानाला तासच लागतो. मध्ये जोडणी अडखळली तर ते अडखळणेही नोंदले जाते. कोणाचा संदेश आला तर त्याची टिंगटिंगही. शिवाय एकदा संकोचित केलेले चित्र पुन्हा संकोचित होते, म्हणून बारीक अक्षरे आणि अंधारातली दृश्ये आणखी पुसट होतात. प्रतीवरून प्रत करताना अक्षर बिघडत जाते, तसलाच हा प्रकार.

एवढ्यावरून पहिली तऱ्हा श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ, असा निकाल देऊन टाकावासा वाटतो. माझाही कल पहिलीकडेच असतो, आणि त्याचे मुख्य कारण चित्राची स्वच्छता हे नाही. या साधनांना सांगितले तर ती चलचित्राबरोबर त्याचे शीर्षक, ते चढवल्याची तारीख, खाली लिहिलेले वर्णन, मूळ दुवा आणि असल्यास उपशीर्षके, हे सारे वेगळ्या फायलींत ठेवून देतात. पोथीच्या शेवटी लेखनिक शक, तिथी, गाव आणि आपले नाव घालतो. त्या चार ओळींवर आपल्या अभ्यासाची केवढी भिस्त असते! आंतरजालावर एकाच जुन्या चित्रपटाच्या दोन-तीन प्रती सापडतात: एकीची श्रेयनामावली छाटलेली, दुसरीच्या कोपऱ्यात वाहिनीचे बोधचिन्ह, तिसरीत एखादे गाणेच नाही. आपण कोणत्या प्रतीवरून बोलत आहोत, हे प्रबंधात सांगता आले पाहिजे. 'चित्रपट.एमपी४' अशा नावाची अनाथ फाइल त्या कामाची नाही.

पडद्याची नोंद करण्याचाच प्रसंग आला तर दोन व्यवहारी सूचना. नोंद 'एमकेव्ही' प्रकारात करावी. मध्येच वीज गेली तरी तोवरचा भाग वाचतो; साधी 'एमपी४' फाइल अर्धवट राहिली की बहुधा उघडतच नाही. आमच्या भागात हा मुद्दा तात्त्विक नव्हे. दुसरी सूचना जागेविषयी. दर सेकंदाला अडीच हजार किलोबिट इतक्या वेगाने नोंद केल्यास तासाला सुमारे १.१ जीबी जागा लागते; बोलणाऱ्या माणसाच्या व्याख्यानाला एवढे पुष्कळ झाले. आणि 'दुवा येथे चिकटवा' म्हणणारी जी संकेतस्थळे जाहिरातींच्या गर्दीत तीन-तीन खोटी बटणे दाखवतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. फुकट देणारा काय घेतो आहे, हे तेथे कळत नाही. मुक्तस्रोत साधनात ते निदान कोणालाही तपासून पाहता येते.

याखेरीज एक तिसरी सोय आहे, आणि बहुतेकांना तीच पुरेशी वाटते: त्या त्या ॲपमध्येच 'डाउनलोड' म्हणून बटण असते. नेटफ्लिक्सने ते २०१६ च्या अखेरीस दिले. प्रवासात पाहायला ते उत्तमच. पण तेथे जे उतरते ते कुलूपबंद असते, त्या ॲपबाहेर उघडत नाही आणि ठरावीक मुदतीनंतर मावळते. ही वाचनालयाची प्रत आहे. वाचनालयाने पुस्तक मोडीत काढले की आपल्या घरातूनही ते नाहीसे होते. या कुलपामुळेच अशा सेवांवरील चित्रपट पडद्यावरून नोंदवू गेल्यास बहुधा नुसता काळा चौकोन पदरी पडतो.

येथे कायद्याचा विषय टाळून चालणार नाही. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे कलम ५२ खासगी उपयोग, संशोधन, टीका आणि समीक्षा यांसाठी उचित वापराला मोकळीक देते, आणि अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतीचाही वेगळा उल्लेख करते. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध प्रकाशकांनी केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली या तरतुदीचा अर्थ अध्यापनाला अनुकूल असा लावला. तो खटला पुस्तकांचा होता, हे मात्र विसरू नये. उलट बाजूस, २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ सांगते, की प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. शिवाय यूट्यूबसारख्या सेवा आपल्या अटींत स्वतःच्या सोयीखेरीज अन्य मार्गाने उतरवून घेण्यास मनाई करतात. ती मनाई कराराची आहे, पण आहे. माझा नेम साधा आहे. कुलूप दिसले की हात मागे घ्यायचा. संस्थेला वा वक्त्याला विचारता येत असेल तर विचारायचे. घेतलेली प्रत वर्गाबाहेर फिरवायची नाही. 'श्यामची आई'सारख्या चित्रपटाची, चित्रपट म्हणून असलेली ६० वर्षांची मुदत २०१३ अखेर संपली आहे. तेथे मन अधिक निःशंक असते.

साधन आणि त्याचा वापर यांत फरक करावा लागतो, हे न्यायालयांनाही फार पूर्वी उमगले होते. दूरदर्शनसंचावरील कार्यक्रम घरी नोंदवून सवडीने पाहणे हा उचित वापर आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली दिला, तोही पाच विरुद्ध चार मतांनी. २०२० च्या ऑक्टोबरात ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून 'यूट्यूब-डीएल' गिटहबवरून हटवले गेले आणि नोव्हेंबरात परतले. सोय किती एका मताच्या अंतरावर तगून असते, ते यावरून दिसते.

इथवर सारे हिशेबाला धरून झाले. पण माझ्या मनातली प्रतवारी एका फाइलीने ढवळून काढली आहे. २०२० च्या टाळेबंदीत एका संस्थेने जालावर व्याख्यानमाला घेतली. तीत आमचे सर अभंगाच्या वाचनावर बोलले. अभंग गायला जातो तेव्हा यती कोठे सरकते आणि नुसता वाचला जातो तेव्हा ती कोठे थांबते, हा त्यांचा विषय. तो लिहून सांगण्याचा विषयच नव्हे. त्यांनी चरण म्हणून दाखवायचे आणि आम्ही ऐकायचे, असा होता. पुढल्या वर्षी सर गेले. काही काळाने ती वाहिनीही बंद पडली आणि दुव्यावर 'चलचित्र उपलब्ध नाही' अशी पाटी लागली. संस्थेकडे चौकशी केली. मूळ फाइल त्यांच्याकडेही उरली नव्हती.

उरली ती एका विद्यार्थिनीने भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून केलेली नोंद. सर्व तांत्रिक निकषांवर ती नापास व्हावी अशी आहे. चित्र अंधुक आहे. दोन ठिकाणी जोडणी अडखळल्याने सर हात उंचावलेल्या स्थितीत थिजतात, आणि पुढचे शब्द गळून जातात. मध्येच कोणाचा तरी संदेश वरून उतरतो. पण पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात श्रोत्यांच्या प्रतिक्रिया सरकत राहतात: कोणी 'सर, पुन्हा म्हणा' असे लिहिते, आणि सर ते वाचून हसतात, चरण पुन्हा म्हणतात. मी माझ्या आवडत्या साधनाने ते चलचित्र उतरवून घेतले असते, तर सर कशाला हसले ते त्यात कळले नसते.

'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी धाडीत हरवली, आणि हिराइसा आदींच्या स्मरणातून ती पुन्हा सिद्ध झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. पाठांतरे उद्भवली ती त्यामुळेच. आपण त्या पाठांना 'भ्रष्ट' म्हणत नाही, कारण स्मरण करणारी माणसे होती म्हणूनच ग्रंथ राहिला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तीही हाती असलेल्या अशुद्ध प्रतींवरूनच. आणि जेथे एकही प्रत उरली नाही, तेथे शोधनही नाही: १९३१ चा 'आलम आरा' आज छायाचित्रे आणि जाहिराती यांतूनच ओळखावा लागतो.

म्हणून प्रतिप्रश्न मी आजही करते, पण त्याचे उत्तर आता थोडे लांबले आहे. जे चढवलेले आहे आणि ज्यावर तुम्हांला लिहायचे आहे, त्याची फाइल, परवानगी असेल तेथे, तिच्या नोंदींसकट उतरवून घ्या. जे थेट चालले आहे, ज्यात माणसे एकमेकांना उत्तरे देत आहेत, त्याची पडद्यावरून नोंद करा. दोन्ही शक्य असल्यास दोन्ही ठेवा, वेगवेगळ्या दोन जागी ठेवा, आणि सोबत एका साध्या मजकूर-फाइलीत दिनांक, दुवा, साधन आणि स्वतःचे नाव लिहा. ही शेवटची सूचना विद्यार्थी हटकून विसरतात. सरांच्या त्या फाइलीबरोबर असा कागद नव्हता. तो त्या विद्यार्थिनीला विचारून विचारून मी नंतर तयार केला. त्यात गळालेल्या दोन जागांची वेळही लिहिली आहे. तेथे सर काय म्हणाले असतील, याचा तर्क मात्र कोणी भरून काढलेला नाही. त्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत.