सात वाजता भोंगा होतो!

बालमित्रांनो, भोंगा म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? साखर कारखाना? गिरणी? मला आठवतं सांगली जिल्ह्यातलं एक गाव, मोहित्यांचे वडगाव.

2022 सालची गोष्ट. पावसाळा नुकताच संपला होता. माझी डी.एड.ची मैत्रीण या गावात राहते. शनिवारची सकाळची शाळा करून मी आणि माझी चौथीतली लेक तिच्याकडे निघालो. तालुका कडेगाव. मोहरममधल्या उंचच उंच ताबुतांसाठी कडेगाव प्रसिद्ध आहे, बरं का! हा एकेकाळचा दुष्काळी मुलूख. पण कृष्णेचं पाणी उपसून वर आणलं आणि आता एस.टी.च्या खिडकीतून ऊसच ऊस दिसतो.

संध्याकाळी आमच्या गप्पा रंगल्या होत्या. लेक माझा मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसली होती. एवढ्यात देवळावरचा भोंगा वाजला. बरोब्बर सात! मैत्रिणीच्या सासूबाईंनी चालू मालिका फट्‌दिशी बंद केली.

"बाळ, ठिव तो आता," त्या म्हणाल्या. "साडेआठपतूर आमच्या गावात टीव्ही बंद अन् मोबाइल बी बंद. आधी आम्ही म्हाताऱ्यांनी ठेवायचा, मग पोरांनी."

लेकीचं तोंड बघण्यासारखं झालं. खरं सांगू? माझंही!

मग मैत्रिणीने सगळी हकिगत सांगितली. कोरोनात शाळा बंद होत्या, अभ्यास मोबाइलवर होता. शाळा उघडल्या, पण मुलांच्या हातातला मोबाइल काही सुटेना. मग गावाने ठरवलं, रोज दीड तास सगळे पडदे बंद. त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भोंगा सुरू झाला. सुरुवातीला काही जण हसले. पण शिक्षक, अंगणवाडीताई, आशाताई घरोघर फिरल्या. हळूहळू सवय लागली.

ऐकता ऐकता मी गप्प झाले. कारण 2020 साली "मुलांसाठी मोबाइल घ्याच" असं पालकांना सांगणारी मीच होते. आमच्या वर्गातल्या एका आईने त्यासाठी शेळी विकली होती. पुढे "बाई, पोरगं आता मोबाइल सोडत नाही," म्हणून तीच माझ्याकडे आली, तेव्हा मी पोरालाच रागावले होते. तो मोबाइल घ्यायला कोणी लावला, हे मी सोयीस्करपणे विसरले.

पहिली पंधरा मिनिटं जड गेली. माझा हात दोनदा पर्सकडे गेला. "आई, तू पण?" लेकीने पकडलंच! मग ती घरातल्या मुलाशेजारी पुस्तक घेऊन बसली. बाहेर ओट्यावर आले, तर शेजारच्या घरातून सतराचा पाढा ऐकू येत होता. किती दिवसांनी ऐकला!

साडेआठला पुन्हा भोंगा झाला. सासूबाईंची मालिका पुन्हा सुरू झाली.

परतताना लेकीने विचारलं, "आई, आपल्या गल्लीत भोंगा कोण वाजवणार?"

भोंगा कुठला आणायचा? आम्ही स्टीलचं ताट आणि चमचा घेतला. वाजवायचं काम लेकीचं. कधी कधी विसरायला होतं. जास्त वेळा मीच विसरते. मग लेक ताट थेट माझ्या कानाशी आणून बडवते.

तुमच्या घरी ताट कोण वाजवणार, ते आजच ठरवा. आणि आई-बाबा, मोबाइल खाली ठेवायची पहिली पाळी आपली हं!